मनाच्या दुखण्यात सोबतीला कोण?

वस्तीत कुणाला ताप चढला, कुणी जिन्यावरून पडले, कुणाला कळा सुरू झाल्या, तर दहा माणसे धावून जातात. कुणी रिक्षा आणतो, कुणी डबा पोचवतो, कुणी रात्री दवाखान्यात झोपायला थांबतो. हीच वस्ती मनाच्या दुखण्यापुढे मात्र गप्प होते. महिनाभर घराबाहेर न पडलेल्या बाईला आपण ‘कामचुकार’ म्हणतो, नापास होऊन भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मुलाला ‘नाटकी’ म्हणतो आणि असंबद्ध बोलणाऱ्या माणसाला ‘वेडा’ म्हणून मोकळे होतो. यात दुष्टपणा नसतो. काय करावे हेच आपल्याला कुणी शिकवलेले नसते.

आम्ही वस्त्यावस्त्यांतून आरोग्याचे काम करणाऱ्या कार्यकर्त्या. या वेळच्या पानावर आम्ही मनाच्या प्रथमोपचाराचा पाठ मांडत आहोत. तो डॉक्टरांसाठी नाही. बचत गटातल्या ताया, महिला मंडळाच्या सभासद, अभ्यासिका चालवणारे तरुण, आशाताई, निवृत्त शिक्षक, अशा ज्यांना वस्तीसाठी आठवड्यातले दोन तास देता येतील, त्या सर्वांसाठी आहे. त्यातली मुख्य गोष्ट साधी आहे. स्वयंसेवकाने कुणाला बरे करायचे नसते. त्याने ऐकायचे, ओळखायचे, योग्य ठिकाणी पोचवायचे आणि पुन्हा भेटायला जायचे. या चारांतले चौथे काम सर्वांत जास्त राहून जाते, आणि बाकीच्या तिघांचा उपयोग त्याच्यावरच अवलंबून असतो.

डिग्री नसताना हे काम जमते का?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. उत्तर आपल्या जवळच्या भागांतूनच मिळाले आहे.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. म्हणजे साधारण दर दहा प्रौढांमागे एक. यांतील बहुसंख्य लोकांना कोणताच उपचार मिळत नव्हता. एवढ्या लोकांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत आहेत.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे पहिली विचारपूस सोपवली. त्यांच्या वर समुपदेशक आणि त्यांच्या वर मनोविकारतज्ज्ञ अशी उतरंड होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर जणांपैकी जेमतेम चार जण मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षानंतर हा आकडा २७ झाला. गावे तीच होती. दार ठोठावणारे कुणीतरी वाढले होते.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणखी एक प्रयोग केला. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी ठरावीक पद्धतीने सहा ते आठ भेटींत काम केले. तीन महिन्यांनी त्यांच्यातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना फक्त नेहमीची सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ या कार्यक्रमातही गावातले स्वयंसेवक हेच काम करत होते.

या साऱ्या ठिकाणी दोन गोष्टी सारख्या होत्या. स्वयंसेवकांना प्रशिक्षण होते आणि त्यांच्या पाठीशी तज्ज्ञ होते. केवळ उत्साहावर हे काम करू नये. पण प्रशिक्षण घेतलेला, आपली हद्द ओळखणारा साधा माणूस खूप काही करू शकतो.

ओळखावे कसे?

दुःख म्हणजे आजार नव्हे. घरात मृत्यू झाला, नोकरी गेली, तर माणूस रडणारच. त्याला रडू द्यावे. मात्र पुढील गोष्टी दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज दिसत असतील तर दखल घ्यावी : सतत उदास वाटणे, आवडीच्या गोष्टीत मन न लागणे, झोप उडणे किंवा फार येणे, भूक मंदावणे, अंगात त्राण नसणे, लक्ष न लागणे, ‘मी कुणाच्याच कामाची नाही’ असे वाटणे.

आपल्याकडे लोक मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत सांगतात. ‘डोके जड आहे’, ‘छातीत धडधड होते’, ‘हातापायांना मुंग्या येतात’, ‘अंगात कणकण आहे’. अशी तक्रार खोटी समजू नये. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, कारण रक्त कमी असणे किंवा थायरॉइडचा त्रास यांतही थकवा आणि उदासी येते. तपासण्या चांगल्या आल्या आणि त्रास तसाच राहिला, तर मनाची विचारपूस करावी.

काही लक्षणे दिसली तर दोन आठवडे थांबायचे नाही. कुणी नसताना आवाज ऐकू येणे, घरचेच आपल्याला विष घालतील असा पक्का संशय, सलग काही रात्री झोप नसूनही अति उत्साह आणि अखंड बडबड, बाळंतिणीने बाळाकडे पाहणेच सोडणे किंवा भलतेसलते बोलणे. या सर्वांना लवकर मनोविकारतज्ज्ञ लागतात. म्हातारे माणूस एक-दोन दिवसांतच अचानक बरळू लागले, तर ते बहुधा शरीराच्या आजाराचे लक्षण असते : जंतुसंसर्ग, साखर कमी होणे, अर्धांगाचा झटका. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दारूबाबत एक धोक्याची सूचना. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरच्यांनी रागाच्या भरात एकदम बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, घाम, भास, फिट येणे असे होऊ शकते. यात जीवही जाऊ शकतो. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

बोलावे कसे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये संकटात सापडलेल्यांना मानसिक प्रथमोपचार देण्याची मार्गदर्शिका काढली. तिचा सारांश तीन शब्दांत सांगता येतो : पाहा, ऐका, जोडा. यांतले ऐकणे सर्वांत अवघड, कारण आपल्याला सल्ला देण्याची घाई असते.

समजा, धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एका काकू तीन आठवडे गटाच्या बैठकीला आल्या नाहीत. स्वयंसेविका त्यांच्या घरी जाते. दारात उभे राहून चौकशी करत नाही. आत बसते, पाणी घेते.

‘काकू, दिसला नाहीत बरेच दिवस. म्हटलं बघून यावं.’
‘काय दिसायचं आता. पडून असते.’
‘झोप लागते का रात्री?’
‘कशाची झोप गं. तीन वाजले की डोळे टक्क उघडे.’
‘मग तेव्हा मनात काय चालतं?’

इथे स्वयंसेविकेने गप्प बसायचे. काकू लगेच बोलणार नाहीत. कदाचित पदर सारखा करतील, भांडे उचलून ठेवतील. त्या शांततेला घाबरू नये. त्या बोलू लागल्या की मध्ये तोडू नये. शेवटी एवढेच म्हणावे, ‘एकटीनं फार सोसलंत काकू. मी गुरुवारी पुन्हा येते, चालेल ना?’

काय म्हणू नये तेही पाठ करावे. ‘मन घट्ट कर’, ‘दुसऱ्यांकडे बघ, त्यांना किती त्रास आहे’, ‘सगळं तुझ्या डोक्यात आहे’, ‘लग्न झालं की ठीक होईल’, ‘मुलांसाठी तरी हस’. ही वाक्ये प्रेमाने बोलली जातात, पण ऐकणाऱ्याला त्यातून ‘चूक तुझीच आहे’ असे ऐकू येते आणि दार बंद होते.

गुप्तता हा या कामाचा कणा आहे. काकूंनी सांगितलेले नळावर, व्हॉट्सॲप गटावर किंवा नवऱ्याजवळही बोलले जाता कामा नये. अपवाद एकच : जिवाला धोका असेल तर मदत बोलवावीच लागते. हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे.

एक छोटे काम

गोव्यातल्या समुपदेशकांनी वापरलेल्या पद्धतीचे सूत्र असे : उदास माणूस कामे सोडत जातो, कामे सुटली की मन आणखी उदास होते. हे चक्र कुठेतरी तोडायचे. मन बरे होण्याची वाट न पाहता एक लहान काम आधी सुरू करायचे.

काम खरोखर लहान असावे आणि त्या माणसाने स्वतः निवडलेले असावे. सकाळी दारात खुर्ची टाकून दहा मिनिटे उन्हात बसणे. बहिणीला एक फोन. वेणी घालणे. नातवाला बालवाडीपर्यंत सोडणे. कोणत्या दिवशी, किती वाजता, हेही ठरवावे. पुढच्या भेटीत ‘केलं का?’ असा शाळामास्तरी सवाल टाकू नये. ‘कसं वाटलं?’ असे विचारावे. जमले नसेल तर काम आणखी लहान करावे. अभ्यासिकेतल्या मुलांनाही हे लागू पडते. दिवसभर पुस्तकासमोर बसूनही काही शिरत नसेल, तर ‘आणखी जोर लाव’ हा उपाय नाही. झोपेची वेळ, जेवण, चालणे आणि मग अर्ध्या तासाचा अभ्यास, असा क्रम लावून द्यावा.

कारण बाहेर असेल तर

प्रत्येक दुखणे माणसाच्या मनातून निघत नाही. मुकादमाने मजुरी अडवली आहे, फायनान्सवाला दारात येऊन शिव्या देतो, नवरा मारतो, वसतिगृहात जातीवरून टोमणे मारून मुलाला एकटे पाडले आहे. अशा माणसाला नुसते ‘दीर्घ श्वास घे’ म्हणणे ही त्याची थट्टा आहे. अपमान सोसणाऱ्याला रुग्ण ठरवून अपमान करणाऱ्याला मोकळे सोडू नये.

म्हणून स्वयंसेवकाच्या वहीत दवाखान्याइतकाच कायद्याचाही पत्ता असावा. मारहाण होणाऱ्या बाईसाठी महिला हेल्पलाइन १८१ आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकारी. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. जातीवरून छळ असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. मात्र पुढचे पाऊल कधी उचलायचे ते त्या व्यक्तीने ठरवायचे. स्वयंसेवकाने परस्पर नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नये. त्याचा मार रात्री त्याच बाईला खावा लागतो.

जिवाचा प्रश्न

‘आत्महत्येबद्दल विचारले तर ती कल्पना डोक्यात घातल्यासारखे होईल’ ही भीती खूप जणांना असते. तसे होत नाही. सरळ विचारल्याने माणूस मोकळा होतो. शब्द साधे ठेवावेत : ‘इतका त्रास होतो तेव्हा जगू नये असं मनात येतं का?’ उत्तर ‘हो’ असेल तर पुढे विचारावे : ‘कसं करायचं, कधी करायचं, असं काही ठरवलंय का?’

ठरवले असेल, साधन हाताशी असेल, किंवा पूर्वी प्रयत्न झालेला असेल तर धोका मोठा समजावा. अशा वेळी चार गोष्टी कराव्यात. एक, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. दोन, कीटकनाशके, उंदीर मारण्याचे औषध, साठवलेल्या गोळ्या घरातून हलवून विश्वासू शेजाऱ्याकडे कुलपात ठेवाव्यात. असा विचार अनेकदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळात साधन हाती लागले नाही तर जीव वाचतो. तीन, १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही ‘टेली मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. चार, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. काही घेतलेच असेल तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि घेतलेल्या औषधाची बाटली किंवा पाकीट सोबत न्यावे.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरे रुग्णाला लपवतात आणि मोलाचा वेळ जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिच्यावर खटला भरण्याऐवजी तिला उपचार आणि आधार देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. जुन्या दंडसंहितेतील कलम ३०९ सुद्धा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही. हे वस्तीत पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे.

दवाखान्यापर्यंत

जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग असतो. तिथली ओपीडी कोणत्या दिवशी आणि किती वाजता असते ते आधी विचारून ठेवावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जास्त काळ भरतीची गरज असेल तर ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पहिल्या खेपेला स्वयंसेवकाने सोबत जावे. केसपेपर काढणे, खोली शोधणे, रांगेत थांबणे यातच खचलेला माणूस अर्ध्या वाटेवरून परत फिरतो.

औषधांविषयी घरच्यांना तीन गोष्टी सांगाव्यात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण लगेच दिसत नाही. साधारण दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, तोंड कोरडे पडणे, झापड असे होऊ शकते. ते डॉक्टरांना सांगावे, गोळी परस्पर बंद करू नये. आणि बरे वाटू लागले म्हणजे औषध संपले असे नाही. ते कधी आणि कसे कमी करायचे ते डॉक्टर ठरवतात.

काही घरे आधी भगताकडे जातात. त्यांना हिणवले की ती आपल्याशी बोलणेच सोडतात. ‘इतके दिवस तिकडे पाहिलंत, आता पंधरा दिवस डॉक्टरांचं पाहू या’ असे म्हटलेले चालते. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली चटके, मारहाण, उपाशी ठेवणे सुरू असेल तर गप्प बसू नये. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. मानसिक आजार असलेल्या माणसाला उपचाराच्या नावाखाली साखळीने बांधून ठेवण्यासही २०१७ च्या अधिनियमाने बंदी घातली आहे.

पुन्हा जाणे

पहिल्या भेटीत माणूस आपल्याला जोखत असतो. ‘ही आली, चौकशी केली, गेली’ असे त्याने याआधीही पाहिलेले असते. सर्वेक्षणवाले येतात, निवडणुकीत उमेदवार येतात. गुरुवारी येते असे सांगून आपण खरोखर गुरुवारी गेलो, तेव्हा विश्वासाला सुरुवात होते. बऱ्याचदा खरी गोष्ट दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीतच बाहेर येते. गोळ्या बंद केल्याचे, कर्जाचे, अंगावरच्या वळांचे तेव्हाच कळते. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे तर फार नाजूक असतात. त्या काळात आठवड्यातून एक भेट आणि मध्ये एक फोन एवढे तरी व्हावे. जाता येणार नसेल तर तसे कळवावे. न पाळलेला शब्द खचलेल्या माणसाला फार लागतो.

म्हणून एका स्वयंसेवकाने एका वेळी तीन-चार घरांपेक्षा जास्त घरे घेऊ नयेत. जोडीने काम करावे. महिन्यातून एकदा समुपदेशकासोबत किंवा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसोबत बसावे. कुणाच्या व्यथा ऐकून आपलीच झोप उडू लागली तर ते लपवू नये. काही दिवस घर जोडीदाराकडे सोपवावे. थकलेल्या माणसाचे कान लवकर बंद होतात.

या महिन्याचा अभ्यास

१. आपल्या जिल्ह्यातील मनोविकार ओपीडीचा वार आणि वेळ शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

२. टेली मानस १४४१६, रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२ आणि व्यसनमुक्ती १४४४६ हे क्रमांक सभागृहात, अभ्यासिकेत आणि किराणा दुकानात मोठ्या अक्षरांत लावा.

३. दोघांनी समोरासमोर बसा. एकाने पाच मिनिटे बोलावे, दुसऱ्याने एकही सल्ला न देता ऐकावे. मग पाळी बदला. किती अवघड जाते ते पाहा.

४. घरात ठेवलेली कीटकनाशके आणि जुन्या गोळ्या कुठे आहेत ते आजच पाहा. कुलपात ठेवा. सुरुवात स्वतःच्या घरापासून करा.

५. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत बैठकीला, लग्नाला, नळावर कोण दिसले नाही ते आठवा. त्यांतल्या एका घरी या आठवड्यात जा. निघताना पुढचा वार ठरवा आणि त्या वारी पुन्हा जा.